दर्जा

आमच्या प्रयोगशाळेत उजेड मुद्दाम कमी ठेवलेला असतो. अत्तर लावून आत यायचं नाही, हाताला वासाचं क्रीम नाही. बीजांच्या डिश ज्या इन्क्युबेटरमध्ये असतात तिथे तापमान ३७ अंश आणि ऑक्सिजन ५ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे बाहेरच्या हवेच्या पावपट. शरीराच्या आत तरी तो कुठे जास्त असतो? दार उघडून डिश बाहेर काढली की डोक्यात एक घड्याळ चालू होतं आणि डिश परत आत गेल्याशिवाय ते थांबत नाही. चौदा वर्षं झाली. आता घरी फ्रिजचं दार कुणी जरा जास्त वेळ उघडं ठेवलं तरी मला अस्वस्थ व्हायला होतं.

मी एम्ब्रियॉलॉजिस्ट आहे, म्हणजे टेस्ट-ट्यूब बेबीच्या उपचारात शरीराबाहेर बीजं आणि गर्भ सांभाळणारी. पेशंटना माझा चेहरा क्वचित दिसतो, आवाज मात्र ओळखीचा होतो. बीजं किती निघाली, किती फळली, तिसऱ्या दिवशी किती गर्भ वाढताहेत, पाचव्या दिवशी किती उरले, हे फोन करून सांगायचं काम माझं. प्रत्येक बीजामागे एक तक्ता भरावा लागतो आणि त्यातला शेवटचा रकाना असतो ‘दर्जा’. चांगला, मध्यम, कमी. हे तीन शब्द मी किती वेळा लिहिले असतील याची गणती नाही. लिहिताना हात कधी अडखळला नाही, हे आज जास्त खटकतं.

त्या दिवशीचा फोन नेहमीसारखाच होता. नऊ बीजं निघाली होती, त्यांतली सात पक्व, पाच फळली. तिसऱ्या दिवशी पाचही गर्भ सहा ते आठ पेशींचे, नीटस, बघून बरं वाटावं असे. पाचव्या दिवशी सकाळी पाहिलं तर पाचही तिथेच थांबलेले. एकही ब्लास्टोसिस्टपर्यंत, म्हणजे रुजायला तयार होणाऱ्या पाचव्या दिवसाच्या टप्प्यापर्यंत, पोचला नव्हता. बाईंचं वय ३९, तिसरी खेप.

“म्हणजे पुन्हा तेच ना, मॅडम?”

“हो. बीजांचा दर्जा थोडा कमी पडतोय.”

पलीकडे जरा शांतता. मग रडका नाही, चिडका नाही, अगदी सरळ आवाज. “कशात कमी?”

“म्हणजे?”

“मी क्वालिटीत आहे. मशीनचे पार्ट तपासते. आमच्याकडे एखादा पार्ट रिजेक्ट करायचा तर कारण लिहावं लागतं. व्यास किती हवा होता, टॉलरन्स किती, म्हणजे किती फरक चालतो, प्रत्यक्षात किती भरला, कशाने मोजला. नुसतं ‘दर्जा कमी’ लिहिलं तर साहेब कागद परत पाठवतात.”

मी काहीतरी बोलले. वय, नशीब, प्रत्येकीचं शरीर वेगळं, असलंच काहीतरी. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की माझा कागद परत आला होता.

खरं तर तो त्याआधी चार वर्षं एकदा परत आलाच होता, मी घेतला नव्हता. माझ्या धाकट्या बहिणीची ट्रीटमेंट दुसऱ्या एका सेंटरमध्ये चालू होती. तिसऱ्यांदा अपयश आल्यावर ती माझ्याकडे आली, पलंगावर पाय वर घेऊन बसली आणि म्हणाली, “ताई, मी शाळेत कधी नापास झाले नव्हते गं.” मी तिला जवळ घेतलं आणि दुसऱ्या दिवशी कामावर जाऊन तोच तक्ता भरला. त्यानंतर तिने पुन्हा प्रयत्न केला नाही.

तर, कशात कमी?

सूक्ष्मदर्शकाखाली आम्हाला दिसतं ते थोडंच. बीज गोल आहे का, आतला द्रव एकसारखा आहे की खरखरीत, बाहेरचं कवच जाड आहे का, शेजारचा छोटा ध्रुवपिंड, म्हणजे पक्व होताना बीजाने बाहेर टाकलेली चिमुकली पेशी, शाबूत आहे का. इक्सी करताना, म्हणजे काचेच्या सुईने एक शुक्राणू बीजात सोडताना, हाताला आणखी थोडं कळतं. ध्रुवपिंड बाराच्या काट्यावर ठेवायचा, सुई तीनच्या बाजूने आत न्यायची. चांगल्या बीजाचं पटल सुईबरोबर आत आत ओढलं जातं, ताणतं, आणि हलकेच ओढून घेतल्यावरच फुटतं. काही बीजांचं पटल सुई टेकताक्षणी सुटतं, जुन्या कापडासारखं. ते हाताला समजतं, पण तक्त्यात त्याला रकाना नाही.

वयाबरोबर जे बिघडतं त्यातला मोठा वाटा गुणसूत्रांचा, हे आता पक्कं आहे. गुणसूत्रांच्या जोड्या धरून ठेवणारी प्रथिनं वर्षानुवर्षांत सैल होतात आणि वाटणीच्या वेळी एखादं गुणसूत्र चुकीच्या बाजूला जातं. तरुण स्त्रीचं दान केलेलं बीज घेतलं तर चाळिशी उलटलेल्या बाईतही गर्भ चांगला रुजतो. यशाचा हिशेब लागतो तो बहुतांशी बीज देणारीच्या वयाशी. म्हणजे प्रश्न बीजाचाच.

पण तिसऱ्या दिवशी पाचच्या पाच थांबले, त्याचं काय? माणसाचा गर्भ पहिले दोन-तीन दिवस स्वतःचा संसार स्वतः चालवत नाही. चार ते आठ पेशींच्या सुमारास त्याची स्वतःची जनुकं कामाला लागतात. तोवर सगळं चालतं ते बीजाने बांधून दिलेल्या शिदोरीवर. आणि शिदोरी म्हटली की मायटोकॉन्ड्रिया आल्याच. शाळेत एका मार्कात उरकलेला विषय: तंतुकणिका म्हणजे पेशीचं ऊर्जाकेंद्र. त्या एका मार्कात केवढं काय दडलंय हे मला पदवीनंतर कळलं.

या तंतुकणिका मुळात पेशीच्या नव्हेतच. दीडशे कोटी वर्षांहूनही आधी त्या स्वतंत्र जगणारे जिवाणू होत्या, कुठल्याशा मोठ्या पेशीत शिरल्या आणि तिथेच राहिल्या. १९६७ साली अमेरिकन जीवशास्त्रज्ञ लिन मार्ग्युलिस यांनी हे ठामपणे मांडलं. सामानसुमान घेऊन आलेल्या भाडेकरूसारखा त्यांच्याकडे आजही स्वतःचा वेगळा डीएनए आहे, गोल कड्यासारखा, १६,५६९ अक्षरांचा. त्यात फक्त ३७ जनुकं, आणि त्यांतल्या १३ वरूनच प्रथिनं बनतात. बाकी लागणारी हजारभर प्रथिनं पेशीच्या केंद्रकाकडून येतात. म्हणजे हे घर दोन मालकांचं, आणि दोघांचं पटलं तरच दिवा लागतो.

पक्व स्त्रीबीजात या कड्यांच्या एक लाखाहून जास्त प्रती असतात. शरीरातल्या दुसऱ्या कुठल्याही पेशीत इतक्या नसतात. आणि मुद्दा पुढेच आहे: बीज फळल्यावर नवीन प्रती बनणं जवळजवळ बंद असतं, ते सुरू होतं ब्लास्टोसिस्टच्या टप्प्यावर. तोवर दोन पेशी झाल्या की निम्म्या-निम्म्या, चार झाल्या की पाव-पाव, आठ झाल्या की त्याहून कमी. घरात नवी आवक नाही आणि खाणारी तोंडं दर दिवशी दुप्पट. शिदोरी कमी बांधली गेली असेल तर ती तिसऱ्या-चौथ्या दिवशी संपावी, हे तर्काला किती पटतं! मलाही पटलं होतं.

शुक्राणूकडेही तंतुकणिका असतात, मानेपाशी गुंडाळलेल्या, शंभराच्या आतच. पोहण्यापुरतं इंधन. बीजात शिरल्यावर त्यांच्यावर नष्ट करण्याची खूण असते आणि बीज त्या मोडून टाकतं. म्हणून हा डीएनए येतो तो फक्त आईकडून. १९८७ साली जीवरसायनशास्त्रज्ञ ॲलन विल्सन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १४७ जणांच्या या डीएनएवरून माणसाचा आईकडचा वंशवृक्ष रेखाटला आणि तो सुमारे दोन लाख वर्षांपूर्वीच्या आफ्रिकेतल्या एका स्त्रीपाशी जाऊन पोचला. नमुने बहुतेक सगळे वारेचे होते. बाळंतपणानंतर जी टाकून द्यायची, तिच्यातून आयांच्या आयांचा माग निघाला.

यातली एक तिरकी गंमत सांगायचा मोह आवरत नाही. मुलगा हा डीएनए पुढे देऊ शकत नसल्यामुळे, फक्त पुरुषांनाच त्रास देणारा दोष त्यात शिरला तर निसर्ग तो चाळून काढत नाही. आई ठणठणीत, मुलीला काही नाही, दोष आरामात पुढे सरकतो. शास्त्रज्ञ याला ‘आईचा शाप’ म्हणतात. त्या न्यायाने एखाद्या नवऱ्याच्या मंद शुक्राणूंचा उगम त्याच्या आईकडेही असू शकतो. समुपदेशनाच्या खोलीत सुनेकडे रोखून बघणाऱ्या सासवांना हे सांगायची मला फार इच्छा होते. अजून सांगितलेलं नाही.

माझ्यापुरतं सांगायचं तर मला एकच मुलगा, बहिणीला मूल नाही. आईकडून आम्हा दोघींना आलेली ही ओळ आमच्यापाशी संपली. मुलाच्या पेशीपेशीत ती आहे, पण त्याच्यापुरतीच. वंशाचा दिवा म्हणून त्याचं जन्मतः कौतुक झालं तेव्हा यातलं काही डोक्यात नव्हतं. हे कळल्यावर दुःख झालं असं नाही म्हणता येणार. फक्त आईचे हात बघायची सवय लागली.

असो. क्वालिटीवाल्या बाईंना हवं होतं माप, आणि तंतुकणिकांकडे मला ते सापडेलसं वाटलं, कारण त्यांच्या प्रती मोजता येतात. २०१५ च्या सुमारास हेच झालं. ब्लास्टोसिस्टच्या बाहेरच्या थरातल्या पाच-दहा पेशी काढायच्या, त्यांतला मायटोकॉन्ड्रियल डीएनए केंद्रकातल्या डीएनएच्या तुलनेत मोजायचा आणि त्या आकड्यावरून कुठला गर्भ रुजेल ते सांगायचं. निष्कर्षही अनपेक्षित निघाला. प्रती जास्त असलेले गर्भ कमी रुजत होते! त्याचं स्पष्टीकरण असं दिलं गेलं की थकलेला गर्भ धडपडून जास्त यंत्रं लावतो. ऐकायला छान. चाचणीला नाव मिळालं, गुण मिळाले, पेशंटच्या बिलात ओळ मिळाली. मग दुसऱ्यांनी मोजलं. २०१७ मध्ये एका गटाने हिशेबातल्या त्रुटी दुरुस्त करून पाहिलं तेव्हा रुजलेल्या आणि न रुजलेल्या गर्भांत फरकच उरला नाही. त्यानंतरच्या अभ्यासांनीही या आकड्यावर गर्भ निवडण्यात फायदा असल्याचं दाखवलेलं नाही.

दोनेक आठवड्यांनी बाई कागदपत्रं न्यायला आल्या तेव्हा मी त्यांना थांबवून हे सगळं सांगितलं. उभ्या उभ्याच, जिन्यापाशी. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“म्हणजे गेजच कॅलिब्रेट केलेला नव्हता म्हणा.”

“हो, तसंच.”

“मग त्यावर पार्ट पास-नापास कसा केला?”

याला उत्तर नव्हतं. त्या हसल्या. मला बरं वाटलं आणि लाजही वाटली.

माप जमलं नाही म्हणून दुरुस्ती करून बघायची थांबली होती असं मात्र नाही. दुरुस्ती आधीच सुरू झाली होती. १९९७ साली अमेरिकेत न्यू जर्सीत जॅक कोहेन यांच्या गटाने तरुण दात्रीच्या बीजातला थोडा द्रव काढून वारंवार अपयश येणाऱ्या बाईच्या बीजात सोडला आणि मूल जन्मलं. आणखीही जन्मली. काही मुलांमध्ये दात्रीच्या तंतुकणिका सापडल्या, म्हणजे तिघांचा डीएनए. दोन गर्भांत एक एक्स गुणसूत्र नसल्याचं आढळलं. २००१ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने परवानगीशिवाय हे करायचं नाही असं कळवलं आणि ते थांबलं. पुढे कुणी बाईच्या स्वतःच्याच अंडाशयातल्या पेशींतून तंतुकणिका काढून तिच्याच बीजात सोडायला लागलं. परक्याचा प्रश्नच नाही, किती सोयीचं! स्पेनमध्ये रीतसर तुलना केली: एकाच बाईची निम्मी बीजं अशी, निम्मी नेहमीसारखी. फरक शून्य. गोळ्या आणि भुकट्यांबद्दल लिहीत बसत नाही. कोएन्झाइम क्यू-टेनने उंदरिणींना छान गुण आला, बायकांच्या बाबतीत जास्त मुलं जन्मल्याचा पक्का पुरावा नाही, आणि विकणाऱ्यांना तो लागतही नाही.

एका बाबतीत मात्र ही विद्या खरंच कामाला आली. ज्या बाईच्या तंतुकणिकांत गंभीर आजार आहे, तिचं केंद्रक उचलून निरोगी दात्रीच्या, केंद्रक काढलेल्या बीजात ठेवायचं. २०१५ साली ब्रिटनच्या संसदेने याला कायद्याने वाट करून दिली आणि २०२५ च्या जुलैत न्यूकॅसलच्या गटाने आठ मुलं जन्मल्याचं जाहीर केलं. एरवी ज्या घरांत पाळण्यापाठोपाठ आजारपण आलं असतं, तिथली ही मुलं. याबद्दल मला कुठलीच शंका घ्यावीशी वाटत नाही.

शंका येते ती हेच तंत्र वंध्यत्वावर लावतात तेव्हा. ग्रीसमध्ये वारंवार अपयश आलेल्या २५ जोडप्यांवर ते करून पाहिलं, सहा मुलं जन्मली, २०२३ मध्ये अहवाल आला. केंद्रक उचलताना त्याला चिकटून आईच्या थोड्या तंतुकणिका आल्या होत्या, एक टक्क्याहूनही कमी. पाच मुलांत त्या तेवढ्याच राहिल्या. सहाव्यात मात्र जन्मानंतर त्या ३० ते ६० टक्के भरल्या. कशा? कुणी त्यांना बोलावलं होतं? त्या मुलाची आई आजारी नव्हती म्हणून बिघडलं काही नाही. पण हा अहवाल वाचला त्या रात्री मी बराच वेळ जागी होते. आपण ज्याला शिदोरी, इंधन, बॅटरी म्हणतो, ते यातलं काही नाहीच. तो एक जमाव आहे. त्याची स्वतःची वाढ आहे, स्वतःची चढाओढ आहे, आणि बीज हातात धरणाऱ्या माणसाची त्याला पर्वा नाही.

आणि आता जे सांगणार आहे, त्यासाठीच खरं तर लिहायला बसले.

मुलगी आईच्या पोटात पाच महिन्यांची असते तेव्हा तिच्या अंडाशयांत साठ-सत्तर लाख बीजं असतात. जन्मताना दहा-वीस लाख उरतात. त्यानंतर भर नाही, नुसती वजाबाकी. जे बीज एकोणचाळिसाव्या वर्षी माझ्या डिशमध्ये येतं, ते एकोणचाळीस वर्षं वाट बघत थांबलेलं असतं. एवढा काळ जिवंत राहायचं तर ऊर्जा लागणार, ऊर्जा करायची तर धूर होणार. तंतुकणिका इंधन जाळतात तेव्हा जे तिखट, तोडफोड करणारे ऑक्सिजनचे कण सुटतात ते आधी त्यांच्याच डीएनएला डागतात. म्हणून आम्ही सगळे धरून चाललो होतो की थांबलेल्या बीजात काजळी साचत जाते. ‘दर्जा कमी’ म्हणजे ही काजळी, असं मी कित्येकींना सांगितलंही आहे.

२०२२ मध्ये बार्सिलोनाच्या संशोधकांनी माणसाच्या आणि बेडकाच्या कोवळ्या, थांबलेल्या बीजांत डोकावून पाहिलं. ऊर्जा बनवणाऱ्या साखळीचा पहिला दुवा, कॉम्प्लेक्स वन, जिथे हा धूर मोठ्या प्रमाणात निघतो, तो त्या बीजांनी जोडूनच ठेवलेला नव्हता. भट्टी पेटती ठेवायची पण धुराडं लागेल असं काही जाळायचंच नाही. बीज जागं होऊन वाढायला लागलं की मग तो दुवा जोडला जातो. आणि २०२५ मध्ये वीस ते बेचाळीस वर्षं वयाच्या २२ जणींची ८० बीजं एकेक करून वाचली गेली. त्याच बायकांच्या रक्तात आणि लाळेत मायटोकॉन्ड्रियल डीएनएमधले बदल वयाबरोबर वाढलेले होते. बीजांत नव्हते. बेचाळिशीतलं बीज या बाबतीत विशीतल्या बीजाइतकंच कोरं.

म्हणजे ज्याला मी काजळी म्हणत होते, ती तिथे नव्हतीच. बाईचं बाकी सगळं शरीर झिजत असताना त्या बीजाने ही पोथी जपली होती. वय वाढल्यावर यश कमी होतं ते होतंच, गुणसूत्रांची वाटणी चुकते ती चुकतेच, तंतुकणिकांचं काम मंदावतं की नाही यावर अजून भांडणं चालू आहेत. पण एक दोष मी नसलेल्या ठिकाणी लिहीत आले होते.

बहिणीला फोन करून हे सांगितलं. ती म्हणाली, “आता काय त्याचं.” मग थोड्या वेळाने तिचाच परत फोन. “ताई, ते बेडकाचं पुन्हा सांग.”

क्वालिटीवाल्या बाई चौथ्यांदा आल्या. हीच शेवटची, असं त्यांनी येतानाच सांगितलं होतं. या वेळी सहा बीजं निघाली. दुपारी बीजांभोवतीच्या पेशी साफ केल्यावर बाईंना हळूहळू चालवत शेजारच्या खोलीत आणलं. तिथे आमच्या सूक्ष्मदर्शकाला जोडलेला एक स्क्रीन आहे. सहसा तो पेशंटना दाखवत नाही. मी आत डिश काढली, एक बीज मधोमध आणलं आणि दारातून त्यांना म्हटलं, बघा.

करड्या पडद्यावर फिकट, गोल. कडेला ध्रुवपिंड. त्या खुर्चीत पुढे सरकल्या.

“हे किती वर्षांचं?”

“तुमच्या जन्माच्याही आधीचं. तुमच्या आईच्या पोटात तुम्ही होतात, तेव्हापासून आहे.”

“आणि त्या तुमच्या तंतुकणिका?”

“आहेत. लाखभर. पण यात दिसत नाहीत.”

त्यांनी मान हलवली. बघत राहिल्या. मग कामावर असल्यासारखा डोळा बारीक करून म्हणाल्या, “माप?”

“एक दशांश मिलिमीटरहून जरासं जास्त.”

“टॉलरन्स किती?”

मला हसू फुटलं. डोक्यातलं घड्याळ केव्हाच पुढे गेलं होतं. मी वळले आणि डिश आत ठेवली.